कॅम्पर ट्रेलरचे छत गळते तेव्हा: सीलंटच्या आधी पाण्याची वाट शोधा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे 6 मीटर लांबीचा, वापरलेला कॅम्पर ट्रेलर आपण घेतला. मोठा पाऊस झाला की पुढच्या पलंगावरच्या कोपऱ्यात ओल येते आणि तेथील तपकिरी डाग दर पावसागणिक पसरत चालला आहे. डागाला सर्वांत जवळचा म्हणून छतावरच्या व्हेंटभोवती, म्हणजे हवेच्या झरोक्याभोवती, आपण दोनदा सिलिकॉन भरले, तरी गळती थांबली नाही. आता सर्वांत चांगले सीलंट कोणते, आणि सगळ्या छतावर वॉटरप्रूफ लेप दिला तर प्रश्न कायमचा मिटेल का, असे आपण विचारले आहे.

अशा ट्रेलरची छते दुरुस्त करण्याचे काम मी करतो आणि त्या अनुभवावरून सांगतो, की आपला खरा प्रश्न सीलंटचा नाही. पाणी नेमके कुठून आत शिरते हे अजून ठरलेलेच नाही, आणि ते ठरत नाही तोवर कितीही महागडे सीलंट आणले तरी रोग रेड्याला आणि औषध पखालीला असेच होत राहणार. छताचा सपाट भाग सहसा गळत नाही. झाडाच्या फांदीने छतावरचा रबरी किंवा प्लास्टिकचा पडदा फाटला असेल किंवा जड वस्तू पडून भोक पडले असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी पाणी शिरते ते जेथे जेथे कारखान्यात छताला मुद्दाम भोक पाडले गेले किंवा दोन पृष्ठभाग जोडले गेले, तेथून. व्हेंट, स्कायलाइट, एसीचे भोक, सांडपाण्याच्या टाकीची हवानळी, अँटेना, शिडीचे आधार, सौर पॅनेलचे स्क्रू, पुढच्या कपाळपट्टीवरचे छोटे दिवे आणि छत जेथे भिंतींना मिळते तेथील लांबच लांब पट्ट्या, हे सगळे सांधे आहेत. गळती शोधायची म्हणजे हे सांधे एकेक करून तपासायचे.

काही गोष्टी आपल्या ट्रेलरवर अवलंबून आहेत आणि त्या पाहिल्याशिवाय मला छातीठोकपणे सांगता येणार नाहीत. छत रबराच्या पडद्याचे म्हणजे ईपीडीएमचे आहे, टीपीओ नावाच्या प्लास्टिकसारख्या पडद्याचे आहे, फायबरग्लासचे आहे की अॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, यावर रसायने आणि चिकटपट्ट्या बदलतात. आतला सांगाडा लाकडी असेल तर कुजण्याची भीती मोठी असते. अॲल्युमिनियमचा असेल तर सांगाडा टिकतो, मात्र त्याला चिकटवलेले पातळ प्लायवूड सुटते आणि भिंतीला फुगवटे येतात. गळती कधीपासून सुरू आहे हेही महत्त्वाचे आहे, कारण आपण ट्रेलर वापरलेला घेतला आहे आणि दिसणारा डाग हा आतल्या नुकसानीचा फार उशिरा प्रकट होणारा पुरावा असतो.

पाणी शिरण्याची जागा आणि दिसण्याची जागा यांत अंतर का पडते, हे आधी समजून घ्यावे. छताचा सर्वांत वरचा थर म्हणजे पडदा किंवा पत्रा. त्याखाली पातळ प्लायवूडचा थर, त्याखाली आडवे वासे, वाशांच्या मधल्या पोकळीत उष्णतारोधक भरण आणि सर्वांत खाली आपल्याला दिसणारे आतले छत. सांध्यातून शिरलेला थेंब सरळ खाली पडत नाही. तो पडदा आणि प्लायवूड यांच्यामधून उताराच्या दिशेने सरकतो, वाशाला अडतो, वाशाच्या कडेने भिंतीपर्यंत जातो, तारेसाठी पाडलेले भोक सापडले तर तारेवरून पुढे जातो, भरणात मुरतो आणि भरणाने पाणी पिऊन झाल्यावर मग आतल्या छताच्या एखाद्या जोडावर डाग देतो. म्हणून ट्रेलर उभा कसा केला होता, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. त्याचे तोंड खाली झुकलेले असेल, तर मधल्या किंवा अगदी मागच्या सांध्यातले पाणीही पुढच्या कोपऱ्यात येऊन साचू शकते. ट्रेलर समतल असूनही डाग पुढेच येत असेल, तर संशय पुढच्याच सांध्यांवर घ्यावा. ओढून नेताना पाऊस लागला तरच ओल येत असेल, तर समोरून वाऱ्याच्या जोराने पाणी आत ढकलले जाते असे समजावे.

त्याआधी दोन गोष्टी वगळून टाकाव्यात, कारण त्या गळतीसारख्या दिसतात पण गळती नसतात. पहिली म्हणजे आतल्या हवेतले बाष्प. 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 60 टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा सुमारे 12 अंशांच्या थंड पृष्ठभागाला लागली, की तेथे दव धरते. बंद ट्रेलरमध्ये रात्रभर झोपलेल्या माणसांच्या श्वासातले बाष्प थोडेथोडके नसते, आणि स्वयंपाकाच्या 1 किलो गॅसच्या ज्वलनातून सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. हे सगळे पाणी थंड कोपऱ्यांत, स्क्रूंच्या डोक्यांवर आणि बंद कपाटांच्या मागे जमते. ओल पाऊस नसतानाही थंड पहाटे येत असेल, तर उपाय सीलंटचा नसून हवा खेळती ठेवण्याचा आहे. दुसरी गोष्ट एसीची. एसी चालू असताना पाणी टपकत असेल आणि पावसाशी त्याचा संबंध नसेल, तर एसीच्या तळाचा निचरा तुंबला आहे का ते पाहावे. एसीखालची जाड गॅस्केट सैल झाली असेल तर मात्र ती खरी गळतीच होय. ती आतल्या बोल्टांनी समान दाबाने आवळावी लागते, आणि उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे दाबली तर ती चेपून निकामी होते. आपल्या वर्णनावरून ओल मोठ्या पावसानंतरच येते, म्हणून आपल्याकडे खरी गळती असण्याचीच शक्यता अधिक आहे.

आता छतावर जावे. पाय कुठे ठेवता हे जपावे, कारण कित्येक ट्रेलरांच्या छताचे प्लायवूड जेमतेम 9 मिलिमीटरचे असते आणि काही छते माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेलीच नसतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच चढावे, वाशांवर आडवी पडेल अशी प्लायवूडची फळी अंथरून गुडघ्यांवर बसावे आणि ओल्या छतावर अजिबात जाऊ नये. शक्य तेवढी तपासणी बाजूला लावलेल्या भक्कम शिडीवरूनच करणे सर्वांत चांगले.

आपल्या बाबतीत मी व्हेंटकडे शेवटी जाईन. पहिला संशय कोपऱ्याच्या अॲल्युमिनियमच्या पट्टीवर घ्यावा. छत आणि बाजूची भिंत यांचा जोड झाकणारी ही पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते आणि स्क्रूंची डोकी लपवण्यासाठी तिच्या खाचेत विनाइलची एक लवचिक पट्टी दाबून बसवलेली असते. उन्हाने हे विनाइल वर्षानुवर्षे आक्रसत जाते. टोकाला नीट पाहिले तर ते बोटभर मागे सरकलेले दिसेल आणि उघड्या पडलेल्या खाचेत एखाद्या स्क्रूचे गंजलेले डोके दिसेल. या खाचेत पाणी साचते, खाचेतूनच उताराकडे वाहते आणि ज्या स्क्रूची पकड सुटली आहे त्याच्या आट्यांवरून थेट लाकडात उतरते. विनाइल हलकेच ओढून काढावे आणि एक स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने सोडवून पाहावा. तो करकरत, जोर मागत निघाला आणि त्याच्या आट्यांत कोरडा पिवळसर भुसा असला, तर तेथील लाकूड शाबूत आहे. तो पहिल्याच वळणात सैल फिरला, त्याचा दांडा मधोमध गंजून बारीक झालेला असला आणि आट्यांत काळपट, ओलसर, बोटांनी कुस्करता येईल असा लगदा निघाला, तर पाण्याची वाट आपल्याला सापडली आहे. गळतीचे इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणत्याही तपासणीत मला क्वचितच मिळते, म्हणून हा एक स्क्रू काढण्याचा आळस करू नये.

दुसरा संशय छत आणि पुढची भिंत यांच्या आडव्या जोडावर, तिसरा पुढच्या छोट्या दिव्यांवर आणि चौथा पुढच्या खिडकीच्या वरच्या कडेवर. दिव्यांच्या बाबतीत एक बारकावा आहे. त्यांच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा सीलंटने बंद कराव्यात. खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे चुकून आत गेलेल्या किंवा आत दव धरून साचलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. खिडकीच्या चौकटीच्या तळाशी असलेली बारीक निचऱ्याची भोकेही कधी बुजवू नयेत. चारही बाजूंनी भरभरून सीलंट लावलेल्या खिडकीखालची भिंत कुजलेली मी अनेकदा पाहिली आहे.

डोळ्यांनी पाहून समाधान झाले नाही, तर ओल मोजण्याचे यंत्र आणावे. सुयांचे यंत्र बारीक छिद्रे पाडते पण नेमके सांगते. बिनसुयांचे यंत्र खूण न ठेवता पटकन मोठा भाग तपासते, मात्र खाली अॲल्युमिनियमची नळी किंवा तार असेल तर फसते. आतल्या छतावर आणि कोपऱ्याच्या भिंतीवर हातभर अंतराने आकडे घेऊन ते मास्किंग टेपच्या तुकड्यांवर लिहून त्याच जागी चिकटवावेत. लाकडातील ओल 15 टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, 20 टक्क्यांच्या वर असेल तर तेथे बुरशीला आणि कुजण्याला अनुकूल परिस्थिती तयार होऊ लागली आहे असे समजावे. एकट्या आकड्यापेक्षा आकडे कोणत्या दिशेने चढत जातात, हे अधिक महत्त्वाचे असते. डागापासून व्हेंटकडे जाताना ते उतरत असतील आणि कोपऱ्याच्या पट्टीकडे चढत असतील, तर व्हेंटवर आणखी एक सिलिकॉनची नळी रिकामी करण्यात अर्थ नाही.

यानंतर पाण्याची परीक्षा घ्यावी. एक माणूस आत बॅटरी घेऊन बसतो आणि दुसरा बाहेरून साध्या नळीने, धार न मारता, पावसासारखे पाणी सोडतो. सुरुवात नेहमी खालून करावी: आधी खिडकी, मग दिवे, मग आडवा जोड, मग कोपऱ्याची पट्टी आणि सर्वांत शेवटी छतावरचा व्हेंट. प्रत्येक टप्प्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली, तर ओघळणारे पाणी खालचे सगळे सांधे एकाच वेळी भिजवते आणि दोषी कोणता हे कळत नाही. उच्च दाबाचे धुलाईयंत्र या कामाला अजिबात वापरू नये, कारण ते चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घुसवते. भरण आधीच चिंब असेल, तर जुनेच पाणी उशिरा टपकून आपली दिशाभूल करू शकते, म्हणून ही परीक्षा काही कोरडे दिवस गेल्यावर घ्यावी. परीक्षेआधी बाहेरचा वीजपुरवठा तोडावा आणि बॅटरीची जोडणीही सोडवावी, कारण ओल बऱ्याचदा दिव्यांच्या तारांवरूनच प्रवास करते.

याच्या उलट पद्धत हवेची आहे आणि गळती फार बारीक असेल तेव्हा मी तीच पसंत करतो. सगळ्या खिडक्या आणि व्हेंट बंद करून, गॅसची उपकरणे बंद ठेवून, मोरीचे निचरे बुजवून, एका व्हेंटमधून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या पंख्याने आत हवा भरावी. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त हवा. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. जेथे बुडबुडे फुलतात तेथून हवा बाहेर येते, म्हणजे तेथूनच पाणी आत जाऊ शकते. काही बुडबुडे मुद्दाम ठेवलेल्या निचऱ्याच्या भोकांवरही येतात. त्यांना गळती समजू नये.

जागा सापडली की लगेच सीलंट भरण्याचा मोह होतो, आणि नेमका येथेच सर्वाधिक ट्रेलरांचा घात होतो. ओल्या लाकडावर वरून पक्के झाकण बसवले, की आतले पाणी बाहेर पडण्याचा एकमेव मार्गही बंद होतो. आधी उघडावे, मग वाळवावे, मगच बंद करावे. आपल्या कोपऱ्यात आतल्या छताचा डागाळलेला तुकडा कापून काढावा लागेल असे मला वाटते. भिजलेले काचतंतूंचे भरण सुकवून पुन्हा वापरू नये. ते काढून टाकावे. बुरशी दिसली तर मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावावा. पंखा आणि हवेतली ओल शोषणारे यंत्र लावून, लाकडातील आकडा 15 टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबावे. याला काही दिवस लागतात, थंडीच्या दमट हवेत काही आठवडेही लागतात, आणि या प्रतीक्षेला पर्याय नाही.

वाळल्यावर टोच्याने लाकूड तपासावे. टोचा जोर लावूनही आत शिरत नसेल तर लाकूड चांगले आहे. तो लोण्यात गेल्यासारखा गेला, तर तेवढा भाग आणि त्यापुढचा थोडा चांगला भाग कापून नवे लाकूड बसवावे. फक्त वरवर मऊ झालेल्या, लहानशा भागाला पातळ इपॉक्सी पाजून घट्ट करता येते. वाशाला किंवा कोपऱ्याच्या आडव्या लाकडाला तो उपाय पुरत नाही, कारण त्यांच्यावर स्क्रूंची पकड आणि प्रवासातले हादरे या दोन्हींचा भार असतो. नवे लाकूड बसवताना तांबेयुक्त परिरक्षक मुरवलेले लाकूड अॲल्युमिनियमला लागून वापरू नये. ओलीच्या संपर्कात ते तांबे अॲल्युमिनियमला खाते. साधे, कोरडे, चांगल्या प्रतीचे लाकूड किंवा जलरोधक सरसाने जोडलेले प्लायवूड वापरावे आणि कापलेल्या कडांना बसवण्यापूर्वी सीलर लावावा.

आता सिलिकॉनविषयी. सिलिकॉन हा वाईट पदार्थ नाही, पण ट्रेलरच्या छतासाठी तो अडचणीचा आहे. रबर आणि टीपीओच्या पडद्यांना तो टिकाऊपणे चिकटत नाही, आणि जेथे तो एकदा लागला तेथे दुसरे काहीही नीट चिकटत नाही; जुन्या सिलिकॉनवर धरते ते फक्त सिलिकॉनच. म्हणून आपण भरलेले सिलिकॉन पूर्ण काढणे हे आपले पहिले कष्टाचे काम असेल. प्लास्टिकच्या पट्टीने ते सोलावे. हीट गन वापरायचीच असेल तर अगदी मंद आणि दुरून वापरावी, धातूचे पाते पडद्यावर कधीही चालवू नये. उरलेला थर चोळून काढल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावे. पेट्रोलजन्य द्रावके आणि डांबराचे पदार्थ ईपीडीएमला फुगवतात, त्यामुळे ते टाळावेत. जागा स्वच्छ झाली का हे पाहण्यासाठी मास्किंग टेपचा तुकडा दाबून चिकटवावा आणि ओढावा. आजूबाजूच्या स्वच्छ पडद्यावर तो जसा धरतो तसाच येथे धरला, तर सिलिकॉन गेले आहे. तो आपोआप सुटून आला, तर अजून चोळणे बाकी आहे.

सांधा पुन्हा बांधताना एक तत्त्व ध्यानात ठेवावे: पाणी अडवण्याचे मुख्य काम पट्टीच्या किंवा चौकटीच्या खाली असलेल्या ब्यूटाइल टेपचे, म्हणजे कायम मऊ राहणाऱ्या चिकट रबरी पट्टीचे आहे आणि वरून दिलेले सीलंट ही दुसरी तटबंदी आहे. वरून सीलंटचे थरावर थर चढवलेला सांधा खालून कोरडाठाक फुटलेला असतो, असे वारंवार आढळते. म्हणून पट्टी किंवा व्हेंटची चौकट पूर्ण काढावी, जुनी वाळकी पुट्टी खरवडावी आणि नवी ब्यूटाइल टेप अखंड फिरवावी. तिची दोन टोके एकमेकांवर दाबून जोडावीत, फट ठेवू नये. स्क्रू टेपमधूनच गेले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक आट्याभोवती ब्यूटाइल दाबले जाते. सगळे स्क्रू आधी अर्धवट लावून मग हाताने, समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. कडेने ब्यूटाइलची सारखी रेघ बाहेर आली की दाब योग्य आहे. ऊन लागल्यावर ब्यूटाइल आणखी पसरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा एकदा हलकेच आवळून बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने कापावा. जुन्या भोकांत स्क्रू धरत नसतील, तर लांब स्क्रू ठोकण्याऐवजी भोकात इपॉक्सीत बुडवलेली लाकडाची काडी बसवून, ती वाळल्यावर नवे भोक पाडावे. लांब स्क्रू मागच्या तारेला लागण्याचा धोका असतो.

ब्यूटाइलवर एवढा भर देण्याचे कारण सांध्यांची हालचाल आहे. अॲल्युमिनियमची 6 मीटर लांबीची पट्टी थंड रात्र आणि कडक दुपार यांतल्या 40 अंशांच्या फरकाने सुमारे साडेपाच मिलिमीटर लांब होते. तिच्याखालचे लाकूड लांबीच्या दिशेने त्या मानाने नगण्य हलते. रोज होणारी ही ओढाताण आणि त्यात रस्त्यावरचे हादरे सोसायचे असतील, तर सांध्यातला पदार्थ कायम मऊ राहणारा हवा. कडक होणारा कोणताही पदार्थ, मग तो कितीही मजबूत असला, तरी एका बाजूने सुटतोच आणि केसाएवढी फट पाण्याला पुरते.

वरच्या सीलंटसाठी आपल्या छताच्या पदार्थाला मान्य असलेले लॅप सीलंट, म्हणजे सांध्याच्या कडांवर वरून देण्याचे सीलंट, घ्यावे. छताच्या सपाट भागावर आपोआप समतल होणारा प्रकार वापरावा. तो स्क्रूंच्या डोक्यांवर आणि चौकटीच्या कडेवर स्वतःच पसरतो. भिंतीकडे उतरणाऱ्या भागावर तो ओघळून जाईल, म्हणून तेथे न ओघळणारा प्रकार घ्यावा. हवा कोरडी आणि तापमान साधारण 10 अंशांच्या वर असावे. काही तासांत वर साय धरते, पण आतून पूर्ण घट्ट व्हायला महिनाभरही लागू शकतो. त्या काळात तेथे पाय देऊ नये किंवा ताण आणू नये. छत कशाचे आहे हे उत्पादकाच्या कागदपत्रांवरून ठरवणे सर्वांत खात्रीचे. कागद नसतील तर हात फिरवून पाहावा: जुन्या ईपीडीएमवरून हाताला खडूसारखी पांढरी पूड लागते आणि भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात, मात्र एवढ्यावरच खात्री धरू नये. टीपीओ असेल तर पट्ट्या आणि लेपांसाठी बहुधा त्याचा खास प्रायमर लागतो.

पडद्याला चीर किंवा भोक असेल तर छतासाठी बनवलेली रुंद चिकटपट्टी उत्तम काम करते. ती भोकाच्या पलीकडे चारही बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर जाईल इतकी घ्यावी, कोपरे गोल कापावेत, न ताणता बसवावी आणि रुळाने जोर देऊन दाबावी. ती एकदा चिकटली की सहजासहजी निघत नाही, म्हणूनच जे पुढे काढावे लागणार आहे, उदाहरणार्थ व्हेंट, त्याच्या चौकटीवर मी ती लावत नाही. तेथे लॅप सीलंटच योग्य.

आपला दुसरा प्रश्न संपूर्ण छतावर लेप देण्याचा होता. लेप चांगला असतो, पण तो म्हाताऱ्या झालेल्या पडद्याचे आयुष्य वाढवण्यासाठी असतो. गळता सांधा बुजवण्यासाठी नव्हे. छत कोरडे, खालचे लाकूड टणक आणि सगळे सांधे नव्याने बांधलेले असतील, पडद्यावरचा पांढरा थर झिजून पातळ झालेला असेल, तर लेप जरूर द्यावा. उन्हापासून बचाव होतो आणि आतली उष्णताही कमी होते. आज मात्र तो देऊ नये. सिलिकॉनच्या अवशेषांवर तो सोलून निघेल, ओल आत कोंडेल आणि पुढच्या वेळी गळती शोधताना सांधा कुठे आहे हेच दिसणार नाही. ॲक्रिलिकचे लेप पाणी साचून राहणाऱ्या जागी लवकर खराब होतात. सिलिकॉनचे लेप साचलेले पाणी चांगले सोसतात, पण त्यांच्यावर पुढे फक्त सिलिकॉनच चालते, आणि ती अट आयुष्यभराची असते.

म्हणजे आपला क्रम असा राहील: ट्रेलर समतल करून पुढच्या कोपऱ्याची पट्टी तपासणे, ओलीचे आकडे घेऊन आणि पाणी सोडून जागा निश्चित करणे, उघडून वाळवणे, कुजलेले लाकूड बदलणे, सिलिकॉन समूळ काढणे, ब्यूटाइल आणि लॅप सीलंटने सांधा बांधणे आणि मगच लेपाचा विचार करणे.

पुढे गळती होऊ नये म्हणून दर तीन महिन्यांनी, निदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, सगळे सांधे पाहावेत. सीलंटची कड उचलली आहे का, त्याला भेगा पडल्या आहेत का, विनाइल आक्रसले आहे का, पन्हळीत पाने अडकली आहेत का, एवढेच पाहायचे असते. शाबूत सीलंट केवळ जुने दिसते म्हणून काढू नये. ते स्वच्छ करून, सुसंगत असेल तर त्यावरच नवा थर द्यावा. आतून कपाटे रिकामी करून कोपऱ्यांना हात लावून पाहावा आणि वास घ्यावा, कारण कुबट वास डागाच्या कितीतरी आधी येतो. ट्रेलर उभा करून ठेवताना एका टोकाला किंचित उतार द्यावा, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. आच्छादन घालायचे असेल तर हवा खेळू देणारे घ्यावे आणि पन्हळीच्या टोकदार कडांवर मऊ कापड बांधावे. प्लास्टिकची ताडपत्री महिनोन्महिने घट्ट बांधून ठेवली, तर आत ओल कोंडते आणि वाऱ्याने हलून ती कोपऱ्यांवरचा पडदा घासून काढते.

दुरुस्तीला वेळ लागणार आणि त्याआधीच पाऊस येणार असेल, तर तात्पुरती सोय म्हणून तीच ताडपत्री चालेल. फक्त ती छताला चिकटू न देता मधोमध आधार देऊन उताराची बांधावी, दोन्ही टोके मोकळी ठेवावीत, आणि पाऊस थांबताच ती काढून आत पंखा लावावा. पुढच्या कोपऱ्याचा तो पहिला स्क्रू काढल्यावर त्याच्या आट्यांत काय निघाले आणि ओलीचे आकडे कोणत्या बाजूला चढतात, हे कळवावे. किती लाकूड उघडावे लागेल याचा अंदाज मला त्यावरून सांगता येईल.